गोठलेल्या आडव्या वाटेवर मायक्रोस्पाइक्स पुरतात का?

पायवाट

एका दिवसाच्या हिवाळी ट्रेकबद्दल विचारायचं आहे. जाऊन-येऊन १४ किमी, एकूण चढ साधारण ९०० मीटर. पहिले ५ किमी जंगलातून. तिथे वाट रुंद आहे, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली बर्फ दबून घट्ट झालाय. पुढे ओढा ओलांडला की झाडी संपते आणि शेवटचे दोनेक किमी वाट डोंगराच्या अंगावरून आडवी जाते. रुंदी जेमतेम दोन पावलं. नकाशावरच्या समोच्च रेषा मोजल्या तर तिथला उतार ३० अंशांच्या आसपास भरतो. सध्या दुपारी शून्याच्या किंचित वर, रात्री उणे ८-१० असं चाललंय.

हाताशी मायक्रोस्पाइक्स (बुटावर रबराने चढवायची छोट्या दात्यांची साखळी), दोन ट्रेकिंग पोल आणि मऊ तळव्याचे घोट्यापर्यंतचे बूट आहेत. एवढ्यावर भागेल का, की क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायची लांब दात्यांची चौकट) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) लागतीलच? उतरताना काय वेगळं करायचं तेही सांगा.

कातळकडा

पायात काय घालायचं हे पायाखालच्या बर्फावरून ठरवू नका. आधी खाली बघा. पाय सुटला तर माणूस कुठे जाऊन थांबेल? जंगलात तो फार तर बुडावर आपटेल, दोन मीटरवर झाडाला अडकेल. आडव्या पट्ट्याखाली घळ किंवा कडा असेल तर तिथे घसरायला वावच नाही.

३० अंशांचा उतार ऐकायला सौम्य वाटतो, म्हणून साधा हिशोब सांगतो. कडक बर्फावर घर्षण नगण्य असतं. त्यावर सुटलेला माणूस ३ सेकंदांत ताशी ४० किमीच्या वर जातो आणि तोवर जेमतेम २० मीटर खाली आलेला असतो. म्हणजे विचार करायला वेळ मिळत नाही. हात आपोआप जे करतील तेवढंच.

आता बर्फाबद्दल. आपण मराठीत आकाशातून पडतो त्यालाही बर्फच म्हणतो आणि पाणी गोठून होतो त्यालाही, त्यामुळे ‘वाटेवर बर्फ आहे’ यातून काही कळत नाही. तुमच्या वाटेवर बहुधा चार तऱ्हा भेटतील. जंगलात तुडवलेला दाबबर्फ, पांढरा आणि मंद चमकेचा, त्यात छोटे दातेही छान रुततात. उघड्यावर वितळून पुन्हा गोठलेला, सकाळी दगडासारखा आणि दुपारी वरचे २-३ सेंटिमीटर लगदा. ओढ्याच्या काठी आणि झरे पाझरतात तिथे थरावर थर चढलेला पाणबर्फ, निळसर-करडा, गुळगुळीत, मध्ये फुगलेला. त्यावर मायक्रोस्पाइक्स नुसते ओरखडे काढतात. आणि चौथा, कातळावर बसलेला काचेसारखा एक-दोन मिलिमीटरचा थर. तो दिसतच नाही, दगड ओला आहे असं वाटतं. क्रॅम्पॉनही त्यावर लंगडे पडतात, कारण रुतायला जाडी नसते आणि दाते थर फोडून थेट दगडावर टेकतात. ओला दिसणारा दगड आणि हवा शून्याखाली, असं असेल तर पोलच्या टोकाने खरवडल्याशिवाय त्यावर पाऊल नको.

सपाटीवर आणि १५-२० अंशांपर्यंतच्या रुंद वाटेवर मायक्रोस्पाइक्स चांगलेच. तुमच्या आडव्या पट्ट्यासाठी १० किंवा १२ दात्यांचे पोलादी क्रॅम्पॉन आणि आइस अ‍ॅक्स. नसतील तर ओढ्यापासून परत.

आणखी एक. समोच्च रेषांवरून निघणारा उतार सरासरी असतो. १० मीटर अंतराच्या रेषा असतील तर त्यांच्यातलं आडवं अंतर १७ मीटर भरलं की ३० अंश. पण त्या १७ मीटरमध्ये ३८ अंशांचा तुकडा सहज लपतो. जागेवर मोजा: पोल उतारावर वरून खाली झोपवा आणि त्यावर फोनमधलं उतारमापक धरा. फोन काढायचा नसेल तर दोन्ही पोल सारख्या लांबीचे करा. एकाचं टोक उताराला टेकवून तो हवेत आडवा धरा, त्याच्या मुठीपासून दुसरा सरळ खाली सोडा. उतार दुसऱ्या पोलच्या मध्यावर भेटला तर सुमारे २७ अंश, टोकाशी भेटला तर ४५.

सोंडवाट

वरचं मान्य, पण मायक्रोस्पाइक्स घरी ठेवू नका. जंगलातल्या ५ किमीसाठी तेच योग्य. तिथे क्रॅम्पॉन घातलेत तर मुळांत आणि दगडांत लांब दाते अडकतात, घोटा मुरगळतो आणि धार जाते ती वेगळीच.

मायक्रोस्पाइक्स आडव्या उतारावर का फसतात हेही समजून घ्या. दाते साधारण १ सेंटिमीटरचे, ते साखळीला, साखळी रबराला आणि रबर बुटाला. उतार आडवा कापताना सगळा भार बाजूने येतो, रबर ताणतं आणि अख्खा सांगाडा बुटाखालून खालच्या बाजूला सरकतो. बूट वर राहतो, दाते बाजूला जातात. मऊ बुटात हे लवकर होतं, कारण तळवाच पिळवटतो. क्रॅम्पॉनचे दाते २.५ ते ३.५ सेंटिमीटरचे असतात आणि चौकट ताठ, त्यामुळे ती तशी फिरत नाही.

मापाचंही बघा. बुटाच्या टोकावरची तार किंवा पट्टी मधोमध बसायला हवी आणि रबर ताणून चढवावं लागलं पाहिजे. आरामात चढलं तर माप मोठं. निघण्याआधी रबराची भोकं बघा, कडी जिथून जाते तिथे बारीक चीर असेल तर थंडीत ती तिथेच फाटते. बारीक तार आणि चार-सहा झिप-टाय सोबत असू द्या, तात्पुरतं भागतं.

आणि हे सगळं चढवायचं बर्फ सुरू होण्याआधी, सपाट जागी. लोक नेमके पहिल्यांदा पाय घसरल्यावर वाकून बसतात, तेही उतारावर. तुमच्यासाठी ती जागा म्हणजे ओढ्याच्या अलीकडचा शेवटचा सपाट तुकडा. सॅक उताराच्या वरच्या बाजूला, खाली गडगडणार नाही अशी ठेवा.

पायवाट

दोघांचेही आभार. म्हणजे जंगलात मायक्रोस्पाइक्स, पुढे क्रॅम्पॉन. पण माझे बूट मऊ आहेत. त्यांवर क्रॅम्पॉन बसतील का? आणि आइस अ‍ॅक्सऐवजी दोन पोल चालणार नाहीत का, तोल तर पोलनेच जास्त सांभाळला जातो. आम्ही दोघं असू, मध्ये दोरी बांधली तर?

कातळकडा

दोरीचं आधी सांगतो, कारण सगळ्यात धोक्याचं तेच आहे. नुसती कमरेला बांधलेली दोरी, मध्ये बर्फात किंवा कातळात कुठेही अडकवलेली नाही, तर एक घसरला की दुसरा ओढला जातो. कडक बर्फावर उभ्या माणसाला तो झटका पेलत नाही. दोरीला मध्ये अँकर (बर्फात किंवा कातळात पक्का आधार) लावणं आणि बिले देणं (जोडीदार पडला तर दोरीने त्याला थोपवणं) येत असेल तरच दोरी. तुमच्या वाटेला ती लागत असेल तर ती वाट ट्रेकची राहिलीच नाही.

बूट. टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात धरून वाकवून बघा. सहज दुमडला तर त्यावर नेहमीचे क्रॅम्पॉन नकोत. बूट वाकतो, चौकट वाकत नाही, मग टाच सुटते किंवा क्रॅम्पॉनचा पुढचा-मागचा भाग जोडणारी मधली जोडपट्टी मोडते. डोंगरी बुटांची वर्गवारी बी० ते बी३ आणि क्रॅम्पॉनची सी१ ते सी३ अशी करतात. बी० म्हणजे तुमचे, मऊ. बी१ वर सी१, म्हणजे पुढे-मागे पट्ट्यांची बांधणी. बी२ ला टाचेशी खाच असते, त्यावर सी२ चा टाचेचा खटका बसतो. बी३ ला पुढेही खाच असते, त्याला सी३ चालतात. ताठ बुटावर मऊ बांधणीचे क्रॅम्पॉन चालतात, उलटं चालत नाही. तुम्हाला बी१ बूट आणि सी१ क्रॅम्पॉन पुरे. मऊ बुटांसाठी लवचीक पोलादी जोडपट्टीचे १० दात्यांचे क्रॅम्पॉन निघतात. तळवा पूर्ण टेकवून चालायला ते ठीक, पण पुढच्या दात्यांवर उभं राहायची वेळ आली तर निरुपयोगी. अ‍ॅल्युमिनियमचे हलके असतात, पण दगडाला लागले की लगेच बोथटतात आणि कडक बर्फावर लवकर हार मानतात.

बसवणी घरी करा. जोडपट्टीची लांबी अशी लावा की पट्ट्या न आवळताही बूट उचलून हलवला तर क्रॅम्पॉन लटकून राहील. पुढचे दाते बुटाच्या टोकापुढे साधारण २ सेंटिमीटर यावेत. बकल नेहमी बाहेरच्या बाजूला. उरलेली पट्टी ८-१० सेंटिमीटर ठेवून कापा आणि टोक खोचा, लोंबत राहिली तर दुसऱ्या पायाचा दाता तिच्यात अडकतो. मग हातमोजे घालून पाचदा चढवा-उतरवा. मोजे काढावे लागत असतील तर अजून जमलेलं नाही. चालायला लागल्यावर दहा मिनिटांनी थांबून पट्ट्या पुन्हा आवळायच्या, हे विसरू नका.

आता पोल. पोल तोल जाऊ देत नाही. पण तोल गेल्यावर त्याचा उपयोग शून्य. अ‍ॅक्स तोल गेल्यानंतरच्या पहिल्या सेकंदासाठी असते. हात सैल सोडून अ‍ॅक्स तिच्या डोक्याकडून धरली तर खालचं टोक घोट्याच्या हाडाशी यावं, बहुतेकांना ५५ ते ६५ सेंटिमीटर. आडव्या पट्ट्यात ती कायम वरच्या, म्हणजे डोंगराकडच्या हातात, चोच (डोक्याचं टोकदार पातं) मागे वळलेली. खालच्या हातात पोल ठेवलात तर हरकत नाही, पण मनगटाचा पट्टा काढून.

घसरलात तर: अ‍ॅक्सचं डोकं खांद्याखाली, रुंद पातं कॉलरच्या हाडाखालच्या खळग्यात, दांडा छातीवर तिरपा, दुसऱ्या हाताने खालचं टोक कमरेशी झाकलेलं. तोंड अ‍ॅक्सच्या उलट्या बाजूला. पोटावर पलटी मारताना अ‍ॅक्सच्या डोक्याच्या बाजूने वळा. टोकाच्या बाजूने वळलात तर टोक आधी रुततं आणि अ‍ॅक्स हातातून निसटते. मग छातीचा भार चोचीवर, हळूहळू वाढवत. एकदम खुपसली तरी हातातून हिसकली जाते. गुडघे टेकवा आणि पायात क्रॅम्पॉन असतील तर पावलं वर उचला, कारण पुढचा दाता अडकला की माणूस मागे कोलांटी खातो.

याचा सराव क्रॅम्पॉन काढून करायचा, अशा उतारावर जो खाली आपोआप सपाट होतो आणि जिथे दगड किंवा झाड नाही. पोटावर आणि पाठीवर, डोकं वर आणि डोकं खाली, अशा चारही तऱ्हांनी आणि दोन्ही हातांनी. तरी भ्रम नको: काचेसारख्या कडक बर्फावर ही युक्ती बऱ्याचदा लागू पडत नाही. म्हणून पहिलं काम पाय न सुटू देण्याचं.

खडेचढ

पाय न सुटू देण्याबद्दल, आणि उतरण्याबद्दल.

उन्हाळी सवय म्हणजे बुटाची कड उतारात रुतवायची. क्रॅम्पॉनमध्ये तीच घात करते. कड रुतवली की वरच्या बाजूचे चार-पाच दातेच धरतात. पाऊल घोट्यातून खालच्या बाजूला झुकवून तळवा उताराला समांतर टेकवा, खालचे सगळे दाते एकाच वेळी लागले पाहिजेत. घोटे सुरुवातीला बोंबलतात. आडवं जाताना वरचं पाऊल वाटेच्या दिशेने, खालच्या पावलाचं टोक थोडं खालच्या बाजूला वळवलेलं. अ‍ॅक्स पुढे रोवा, मग एक पाऊल, मग दुसरं. अ‍ॅक्स आणि पाऊल एकदम हलवू नका. दोन पावलांत वीतभर फट ठेवा, सैल पँट असेल तर गेटर (घोटा-पोटरीवर बांधायचं आवरण) घाला. दाता पँटमध्ये अडकून पडणं हा या खेळातला सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात टाळता येण्याजोगा अपघात.

उतरताना भीतीने माणूस मागे रेलतो. मागे रेललं की भार फक्त टाचेच्या दात्यांवर येतो आणि ते सुटतात. उलट करायचं: गुडघे वाकवा, कंबर किंचित पुढे, नाक पावलांच्या बोटांवर येईल इतकं झुका. पावलं लहान, टोकं थोडी बाहेर वळलेली, पाय ठामपणे टेकवायचा पण आपटायचा नाही. पाणबर्फावर फार जोरात आपटला तर बर्फाची ताटली फुटते आणि पायासकट निघून येते. उतार इतका तीव्र झाला की समोर तोंड करून पाय पुढे टाकवत नसेल, तर डोंगराकडे वळून पुढच्या दात्यांवर एकेक पाऊल खाली. मऊ बुटात ते जमत नाही, म्हणून जिथे चढतानाच पुढचे दाते वापरावे लागले तिथून पुढे जाऊ नका.

दुपारी हवा शून्याच्या वर गेली की ओला बर्फ दात्यांमध्ये साचून तळव्याखाली गोळा होतो. दाते झाकले गेले की तुम्ही गुळगुळीत चेंडूवर उभे. क्रॅम्पॉनला प्लॅस्टिकची किंवा रबराची चिकटरोधक पट्टी असेलच असं बघा. तरी साचलाच तर अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेवर दोन-तीन पावलांनी एक टोला. दर पावलाला टोला मारावा लागत असेल तर वरचा ओला थर किती जाड आहे ते बघा. तो पातळ असेल आणि खाली कडक बर्फ असेल, तर उतरताना हीच जागा दगा देणार.

बसून घसरत जायचा मोह झाला तर आधी क्रॅम्पॉन काढा. त्यांसकट घसरताना दाता रुतला की घोटा किंवा पाय मोडतो, त्यात ‘कदाचित’ नाही.

हिमरेषा

तीन गोष्टी राहिल्या आहेत.

पहिली: ३० ते ४५ अंश हा फक्त घसरायचा उतार नाही, हिमकडे सुटायचाही, म्हणजे हिमस्खलनाचाही, तोच. रोज वितळून गोठणाऱ्या जुन्या बर्फात सकाळी धोका कमी असतो. पण ताजा बर्फ पडला किंवा वाऱ्याने आडव्या पट्ट्यावर आणून साठवला तर चित्र पालटतं. त्या भागाचं हिमस्खलन पत्रक निघत असेल तर निघायच्या सकाळी वाचा. पाच पातळ्यांच्या मोजणीत ३ किंवा वर असेल तर हा पट्टा बाद. आणि तुमच्या वाटेच्या वर कोणता उतार आहे तेही बघा, हिमकडा सुटतो तो वरून.

दुसरी: ओढा. वाहत्या पाण्यावरचा बर्फ काठाशी, दगडांभोवती आणि प्रवाह वेगाचा असतो तिथे सर्वांत पातळ. अ‍ॅक्सच्या टोकाने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ घुमला तर दुसरी जागा शोधा. ओलांडताना सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा.

तिसरी: वेळ. गिर्यारोहक नाइस्मिथ यांचा १८९२ चा ठोकताळा ५ किमीला एक तास आणि वर ६०० मीटर चढाला एक तास असा आहे. तुमच्या वाटेला तो सव्वाचार तास देतो, पण ते कोरड्या वाटेवर. अशा बर्फात दीडपट ते दुप्पट धरा, म्हणजे साडेसहा ते साडेआठ तास. सूर्यास्तापासून उलट मोजत परत फिरायची वेळ ठरवा आणि दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगून ठेवा. पहाटे निघालात तर आडवा पट्टा जाताना कडक आणि येताना लगदा मिळेल. त्यातलं जाताना कडक असणं चांगलं, क्रॅम्पॉन त्यासाठीच असतात. येताना तिथे दुपारचं ऊन पोचायच्या आत असा.

थंडीचं थोडक्यात. उणे १० आणि ताशी ३० किमी वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे २० इतकं. अ‍ॅक्सचं धातूचं डोकं हाताची ऊब ओढून घेतं, म्हणून ते धरतो त्या हाताला जाड मोजा आणि सॅकमध्ये कोरडी जास्तीची जोडी. बुटात दोन जाड मोजे कोंबू नका. पाय आवळला की रक्त पोचत नाही आणि बोटं उलट लवकर गारठतात. पाण्याची बाटली रुंद तोंडाची, सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. नळीने पाणी प्यायची पिशवी नको. बॅटरी आणि फोन आतल्या खिशात. बोलताना जीभ जड व्हायला लागली, बकल लावताना बोटं चुकायला लागली तर समजा, शरीर थंड पडायला लागलंय. तिथेच उलटे फिरा, शिखर दहा मिनिटांवर असलं तरी. नाक किंवा बोट मेणासारखं पांढरं आणि बधिर दिसलं तर बर्फाने किंवा हाताने चोळायचं नाही, नुसतं उबेत धरायचं.

पायवाट

ठरलं. यावेळी मायक्रोस्पाइक्स घालून ओढ्यापर्यंतच जायचं आणि मिळालेच बी१ बूट तर ओढ्याजवळच्या छोट्या उतारावर अ‍ॅक्सचा सराव करायचा. क्रॅम्पॉन जुने मिळण्यासारखे आहेत. घेताना काय तपासू?

सोंडवाट

ईएन ८९३ ची खूण आहे का ते बघा, क्रॅम्पॉनसाठीचं युरोपीय मानक तेच. मग जोडपट्टीची भोकं लांबट झालीत का, चौकटीला वाकण्याच्या जागी केसासारखी चीर आहे का, प्लॅस्टिकचे भाग पांढुरके होऊन कडक पडलेत का. दाते किती झिजलेत ते नव्या जोडीशेजारी धरून बघा, पुन:पुन्हा घासून आखूड झालेले घेऊ नका. आणि दात्यांच्या टोकाशी निळसर किंवा तपकिरी झाक दिसली तर सोडून द्या. कोणीतरी ते यंत्रावर घासलेत. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं, मग दाता मऊ पडतो. घासायचे तर हाताच्या कानशीने, एकाच दिशेने, थांबत थांबत. पुढचे दाते कडेने, चपट्या बाजूने नाही. तळाचे दाते सुईसारखे टोकदार करू नका, दगडाला लागून टोक लगेच मोडतं. रुपयाच्या नाण्याच्या कडेएवढं टोक पुरे.